वायरलेसच्या लाईनीत येताय? मग आधी कान तयार करा

इलेक्ट्रॉनिक्स करून पोरं वॉकीटॉकी आणि रिपीटरच्या (सिग्नल पकडून पुढं लांब पाठवणारं यंत्र) कामाला येतात आणि पहिलं काय बघतात तर सिग्नलचे दांडे. दांडे फुल्ल म्हणजे काम झालं. पण समोरच्याला बोललेलं कळलं का, हे वेगळंच असतं भावांनो.

थिअरी थोडीच लागते. नॅरोबँड म्हणजे १२.५ किलोहर्ट्झचा चॅनेल, जुन्या २५ च्या निम्मा, त्यामुळं ॲनालॉग एफएमचं डेव्हिएशनपण (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती हलते ते) ५ वरनं २.५ किलोहर्ट्झवर येतं आणि आवाज तर आधीच ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये कापलेला. 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो, म्हणून गोंगाटात 'सहा' का 'दहा' हा घोळ होतोच.

गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत तक्रार आलेली की काही सेटवर आवाज बारीक येतोय आणि काहींवर फाटतोय, तिथल्या लोकांनी अँटेना बदलून झाल्या, बॅटऱ्या बदलून झाल्या, आणि निघालं काय तर अर्धे सेट वाईडला (जुन्या २५ ला) प्रोग्राम केलेले, अर्धे नॅरोला! नॅरोचं बोलणं वाईड सेटवर बारीक येतं, उलट केलं की फाटतं. असल्या ठिकाणी मीटरच्या आधी कान लावा.

डिजिटल घेतलं की सगळं क्लीन, असं सेल्सवाले सांगतात. डीएमआर या डिजिटल वॉकीटॉकीच्या पद्धतीत त्याच १२.५ मध्ये दोन जण बोलू शकतात हे खरं, पण व्होकोडर (आवाज दाबून डिजिटल करणारा भाग) माणसाचा आवाज गृहीत धरून बनवलेला असतो, शेजारी ग्राइंडर चालू असला की तो त्याचापण आवाजच बनवायला बघतो आणि शब्दांचा पार चिखल होतो. शिवाय रेंज संपताना ॲनालॉग खरखरत का होईना कळतं, डिजिटल एकदम गप. माइक तोंडापासून दोन-तीन बोटं लांब, पीटीटी (बोलायचं बटण) दाबून क्षणभर थांबून मग बोलायचं, आणि ओरडायचं नाही, ओरडलं की लिमिटर (डेव्हिएशन हद्दीत ठेवणारा भाग) आवाज अजून चेपतो.

टेस्टिंगला 'हॅलो हॅलो, वन टू थ्री'चा काही उपयोग नाही, काय येणार ते ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं. इंग्रजीत सारख्या उच्चाराच्या ३०० शब्दांची मॉडिफाइड राइम टेस्ट आहे, आपण मराठी यादी करायची: सात, साठ, आठ, काल, खाल, गाल. क्रम ऐकणाऱ्याला सांगायचा नाही, त्यानं कागदावर लिहायचं. आकड्यांवर जास्त वेळ घालवा. पुरात कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, तिथं 'एकोणचाळीस'मधला शेवटचा तुकडा गेला तर एकोणतीस का एकोणपन्नास कोण सांगणार? 'तीन नऊ' असं सुट्टं बोलायला लावा आणि ऐकणाऱ्याकडनं परत वदवून घ्या.