व्हॉट्सअॅपचे जुने मेसेज परत येत नाहीत? या चुका टाळा

कापसाचे पैसे हाती आले, की गावात नवे फोन येतात आणि पाठोपाठ तक्रारही येते, "जुनं काहीच आलं नाही भाऊ!" बहुतेक वेळा दोष नव्या फोनचा नसतो. जुन्यावर बॅकअपच, म्हणजे मेसेजची राखीव प्रतच, झालेली नसते.

कारण साधं आहे. बॅकअप फक्त वाय-फायवर घ्यायचा, असं व्हॉट्सअॅपमध्ये आधीपासून ठरलेलं असतं. खेड्यात वाय-फाय किती घरी? सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं उघडा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख पाहा. फार जुनी असेल तर मोबाइल डेटावर बॅकअप चालू करा, पण आधी व्हिडिओ वगळा, नाहीतर दिवसाचा डेटा दुपारीच संपेल. दुसऱ्याच्या फोनचं हॉटस्पॉटही वाय-फायच धरलं जातं.

सगळ्यात महागात पडते ती जीमेलची चूक. तालुक्याच्या दुकानात फोन घेतला, की दुकानातला पोरगा तिथेच जीमेल काढून देतो, पासवर्ड त्याच्या मनचा. फोन चालू आहे तोवर काही अडत नाही. पण अँड्रॉइडवर बॅकअप गुगल खात्यात (जीमेल म्हणजे तेच खातं) जातो आणि परत आणायला तेच खातं अन् तोच मोबाइल नंबर लागतो. म्हणून पासवर्ड स्वतः बदला आणि सातबाऱ्याच्या फाइलीत लिहून ठेवा. फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी ठेवणारेही आहेत. फोन गेला की चिठ्ठीही गेली. रिचार्जअभावी जुना नंबर बंद पडू देऊ नका.

नव्या फोनवर नंबर टाकला की रिस्टोअर करायचं का, म्हणजे जुने मेसेज परत आणायचे का, असं विचारलं जातं. रेंज नाही, मागे माणसं खोळंबलेली, म्हणून 'स्किप' दाबला जातो. मग नवा बॅकअप झाला की तो जुन्याच्या जागी बसतो, विषय संपला. चुकून स्किप झालंच, तर नवा बॅकअप होण्याआधी अॅप काढून पुन्हा टाका.

गुगलची फुकट जागा 15 जीबी, तीही जीमेल, गुगल फोटो आणि ड्राइव्ह (गुगलवर फायली ठेवायची जागा) मिळून. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअप त्यात मोजला जात नसे. 2024 पासून मोजला जाऊ लागला. जागा भरली की बॅकअप अडकतो. भरतं कोण? गुड मॉर्निंगचे फोटो आणि दहा ग्रुपांत फिरलेला एकच व्हिडिओ. 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये 'स्टोरेज मॅनेज करा' उघडा. मोठ्या फायली तिथे वेगळ्या दिसतात. ऑटो-डाउनलोडही बंद करा.

साफसफाईत मात्र जिनिंगच्या काट्याची पावती अन् पडलेल्या पिकाचे फोटोही उडतात. फोनमधून पुसलेलं पुढच्या बॅकअपमध्ये राहत नाही. पीक विम्यावरून पुढे वाद झाला तर फोटो नंतरही लागतात. असे कागद चॅटमध्ये ठेवूच नका. ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा.

बॅकअपला एनक्रिप्शनचा (कुलूपबंद करण्याचा) पासवर्ड लावला असेल तर तो विसरू नका. व्हॉट्सअॅपलाही तो काढून देता येत नाही.

ड्राइव्हवर काहीच सापडलं नाही, तरी जुना फोन लगेच फॉरमॅट करू नका. अँड्रॉइडमध्ये अलीकडच्या दिवसांचा बॅकअप फोनमध्येही असतो: फाइल मॅनेजरमधून अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सअॅप, व्हॉट्सअॅप असं आत जा. 'डेटाबेसेस'सकट तो व्हॉट्सअॅप फोल्डर नव्या फोनवर त्याच ठिकाणी ठेवा आणि मगच नंबर टाका.