परसबागेतला हळवा कोबी: या चुका टाळा

‘पानंच पानं आली, गड्डा काही धरला नाही.’ जानेवारीत गोव्यात ही तक्रार फोंड्यातही ऐकू येते आणि पेडण्यातही. खतपाणी सगळं झालेलं असतं, माणसाने जीव लावलेला असतो, म्हणून जास्तच वाईट वाटतं. घोळ बहुतेक वेळा पेरणीच्या दिवशीच झालेला असतो.

भातासारख्या कोबीतही हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) आणि गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) जाती असतात. गोल्डन एकर, प्राइड ऑफ इंडिया या हळव्या. रोप लावल्यापासून साधारण दोन ते अडीच महिन्यांत गड्डा तयार होतो. ड्रमहेड गरवा, त्याला लांबलचक थंडी लागते आणि ती आपल्याकडे नाही. समुद्रालगत राहत असाल तर उष्णता सोसणारी हळवी संकरित जात मागून घ्या. ‘कोबीचं बी द्या’ एवढंच सांगून दुकानातून पाकीट आणू नका.

दुसरी चूक घाईची. मी पहिल्या वर्षी चवथीच्या आधीच, ऑगस्टच्या पावसात, उघड्यावर बी टाकलं. रोपं छान उगवली आणि आठवड्याभरात एका सकाळी अर्धा वाफा आडवा झाला. एक रोप उचलून पाहिलं: वरची दोन पानं टवटवीत, पण मातीलगतचं खोड दोऱ्याएवढं बारीक, पाणचट, तपकिरी. ही रोपमर. ओलाव्यात वाढणारी बुरशी ती करते, आणि एकदा खोड बसलं की कुठलंही औषध त्या रोपाला उभं करत नाही. त्यामुळे बी सप्टेंबरच्या मध्यानंतर टाका, वीतभर उंच गादीवाफ्यावर, विरळ, वर प्लास्टिकचं छप्पर घालून. मातीत ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळा. पाणी सकाळी द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. पागोळ्यांखाली वाफा नकोच.

चार-पाच आठवड्यांचं, चार-पाच पानांचं रोप लावायला योग्य. ‘थोडं मोठं होऊ दे’ म्हणून ठेवलेलं लांबट, जून रोप पुढे पिछाडीवरच राहतं. लावणी संध्याकाळी करा. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही, म्हणून पहिले तीन-चार दिवस दुपारी झावळीची सावली द्या. पण कायमची सावली घातक. माडांखाली जागा मोकळी दिसते म्हणून तिथे कोबी लावला तर पानं पसरतात, गड्डा सैल राहतो. निदान सहा तास ऊन हवं, आणि दोन रोपांत दीड फूट अंतर.

आपली जांभ्याची माती आंबट. कोबीला 6 ते 6.5 सामू (पीएच) मानवतो. माती तपासून घ्या आणि चुना लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी टाकू नका, खतातलं नत्र हवेत उडून जातं.

पानांवर चाळणीसारखी भोकं दिसली तर पान उलटं करा. हात लावताच वळवळत मागे सरकणारी, धाग्याला लोंबकळणारी बारीक हिरवी अळी म्हणजे चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची. कडेला मोहरीची ओळ पेरली तर पतंग आधी तिच्याकडे वळतो. पाच टक्के निंबोळी अर्क किंवा बीटी हे जिवाणूंपासूनचं कीटकनाशक फवारा, तोही संध्याकाळी, पानांच्या खालून. गड्डा वळल्यावर अळी आत शिरते, मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण सरकत असेल आणि शिरा काळ्या पडल्या असतील तर तो घाण्या रोग. असं झाड उपटून बागेबाहेर न्या, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. पुढची निदान दोन वर्षं त्या वाफ्यात कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा यांपैकी काहीच घेऊ नका.

शेवटची चूक गड्डा तयार झाल्यावरची. हळवा कोबी शेतात थांबत नाही. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की घट्ट गड्डा तडकतो. अंगठ्याने दाबून टणक लागला की काढा. सगळे एकदम खपणार नसतील तर झाड बुंध्याशी धरून पाव फेरा पिळा. काही मुळं तुटतात, पाणी कमी ओढलं जातं, आणि गड्डा आणखी काही दिवस तसाच टिकतो.