गीझर लावला की आरसीसीबी ट्रिप: दोष न्यूट्रलचा निघाला

दोन आरसीसीबी (फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह सारखा नसेल तर त्याला गळती समजून वीज तोडणारे स्विच) असलेला डीबी, म्हणजे वीजवाटपाचा बोर्ड. गीझर चालू केला की ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लगेच पडायची. वेगळ्या सॉकेटवर तोच गीझर बिनतक्रार चालला, म्हणजे गळती गीझरमध्ये नव्हती. गीझरची फेज पहिल्या आरसीसीबीतून गेली होती, पण न्यूट्रल दुसरीच्या लिंकवर (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीवर) बसवलेला. २ किलोवॅटचे जवळपास ८.७ अँपिअर एकीतून जातात आणि दुसरीतून परततात. दोघींनाही ती गळतीच वाटते.

आधी मेन स्विच बंद करा. वीज गेली का हे पाहायला टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही तपासा. मग लिंकवरचे सगळे न्यूट्रल सोडवले, प्रत्येकाला त्याच्या एमसीबीचा (त्या सर्किटच्या, जास्त प्रवाह झाला की पडणाऱ्या स्विचचा) नंबर लावला. एमसीबी बंद, उपकरणं काढलेली असताना मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी मोडवर दोन न्यूट्रलमध्ये बीप आला तर ते एखाद्या स्विचबोर्डात जोडलेले आहेत; ते आधी वेगळे करायचे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये बीप आला तर तो दोष वेगळा.

गीझरचा न्यूट्रल पहिल्या लिंकवर आणला. एका भोकात एकच वायर, मल्टिस्ट्रँडला (अनेक बारीक तारांच्या वायरला) पिन लग, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची पिन; भोकात बसावी म्हणून त्यातली एकही तार कापायची नाही. काळपट पडलेलं टोक छाटून नव्याने सोललं. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहिलं.