स्लायडिंग खिडकी आणि चढणारं पोर, आम्ही काय केलं

लेक दीड वर्षाची झाली आणि दिसेल त्यावर चढायला लागली, म्हणून आधी पलंग खिडकीपासून लांब नेला, चढायला आधारच नको. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये स्क्रूवाला स्टॉपर बसवला, आता काच १० सेंटीमीटरच्या वर सरकतच नाही, हवा येते पण पोर बाहेर जाऊ शकत नाही. डासांच्या जाळीवर प्लीज विसंबू नका हो, मुलाचं वजन पडलं की ती फ्रेमसकट निघू शकते. हॉलला ग्रिल केलं, फॅब्रिकेटरला आधीच सांगितलं की उभे गजच हवेत आणि जवळजवळ, आडव्या पट्ट्यांची शिडी होते. एक भाग कुलपाचा उघडणारा ठेवलाय, आग लागली तर बाहेर पडायला रस्ता हवाच, किल्ली तिथेच वर खिळ्याला असते.