15 एप्रिलपासून सोसायटीत जातभेद कसा मोडायचा

14 एप्रिलला सोसायटीत बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेला हार पडतो, लहान मुलं भाषणं करतात, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी घरकामाच्या मावशींचा चहा मात्र खिडकीतल्या वेगळ्या कपातच जातो. म्हणून सुरुवात या कपापासून करा.

कान तुटलेला कप, कोपऱ्यातला स्टीलचा पेला, बाल्कनीतली ताटली, जे काही वेगळं ठेवलं असेल ते आजच काढून टाका. घरच्या कपातच चहा द्या आणि धुऊन तो त्याच मांडणीत लावा. "स्वच्छतेसाठी वेगळं ठेवतो" असं कोणी म्हणालं, तर पाहुण्यांसाठीही वेगळा कप असतो का, एवढंच विचारा. बहुतेक घरांत कप बदलतो, पण बसायची जागा फरशीच राहते. खुर्ची पुढे करा. वर्षानुवर्षांच्या सवयीने मावशी खालीच बसल्या तर आग्रहाने त्यांना अवघडवू नका. आपलाही चहा घेऊन खाली बसा. हे महिनाभर चाललं की घरच्यांनाही त्यात वेगळं काही वाटत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली आणि तिथे थांबून स्वतः चहा घेतला. आदेश काढण्यापेक्षा तो चहा लोकांना जास्त समजला.

भाड्याच्या घराचा मुद्दा जास्त चिवट आहे. नकार तोंडावर कोणी देत नाही. आडनाव कळलं की "कालच दुसऱ्यांना शब्द दिला" असं उत्तर येतं. यावर उपाय म्हणजे प्रश्न आधीच लिहून ठेवायचे: नोकरी काय, माणसं किती, अनामत किती देणार, पोलीस पडताळणी कधी करणार. सगळ्यांना हेच चार प्रश्न, याच क्रमाने. आडनाव करारनाम्याच्या वेळी आपोआप कळतंच. एजंटला मात्र स्पष्ट सांगा, कारण तो मालकाच्या मनातलं ओळखून आधीच चाळणी लावतो आणि आलेली माणसं तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून इतिवृत्तात लिहून घ्या. नुसत्या तोंडी सहमतीचा पुढच्या कमिटीला विसर पडतो.

गणपतीत आरतीचा मान, प्रसाद बनवणं आणि मंडप झाडणं यांची पाळी फ्लॅट क्रमांकाने लावा. "त्यांना आवडेल का" हा प्रश्न विचारून कोणालाही यादीतून वगळू नका.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर आरक्षणावरून टोमणा आला, तर त्याच दिवशी, ग्रुपवरच उत्तर द्या. खासगीत समजावलं की टोमणा सगळ्यांसमोर राहतो आणि माघार कोणालाच दिसत नाही.

आणि ड्रेनेजचा चेंबर. तुंबला की "त्या माणसाला बोलवा" म्हणत एकाच समाजातल्या कुणाला तरी आत उतरवलं जातं. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त असला की नाकाला वासच येईनासा होतो, त्यामुळे आतल्या माणसाला धोका कळत नाही आणि त्याला वाचवायला उतरलेलाही मरतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई 30 लाख रुपयांपर्यंत वाढवली. सक्शन मशीन असलेल्या गाडीचा नंबर आत्ताच वॉचमनच्या टेबलाजवळ लावून ठेवा. चेंबर तुंबला की आधी तिथे फोन करायचा, हे वॉचमनलाही सांगून ठेवा.