गृहकर्ज घेताना या चुका टाळा: मंजुरीपत्रात न दिसणारा हिशेब

मार्च २०२१. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मास्क हनुवटीवर, काखेत झेरॉक्सचा गठ्ठा, आणि जो तो एजंटला विचारतोय, "आपला नंबर कधी?" करोनाच्या काळात राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती. डिसेंबर २०२० पर्यंत ३ टक्के, मग मार्चअखेरपर्यंत २ टक्के. आम्हीही त्याच रांगेत. ६५ लाखांच्या घरावर १ लाख ३० हजार वाचणार म्हणून दोन आठवड्यांत घर बघितलं, पसंत केलं, कर्ज मंजूर करून घेतलं. करारातलं पार्किंगचं कलम मात्र नीट वाचलं नाही, आणि पुढे वर्षभर गाडी रस्त्यावर लावली. शुल्क भरून सह्या झालेला दस्त चार महिन्यांच्या आत नोंदवता येतो, हे तर नंतर कळलं. म्हणजे त्या जिन्यावरची निम्मी धक्काबुक्की फुकटच होती.

तेव्हापासून ऑफिसात कुणी घर घ्यायला निघालं की मंजुरीपत्र घेऊन माझ्याकडे येतं. मी काही बँकेतला माणूस नाही. पण त्याच त्याच चुका इतक्या वेळा पाहिल्यात की आता लिहूनच टाकतो.

बँक देते तेवढं घेणं

बँक विचारते तुमचा पगार किती, चालू हप्ते किती, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) किती. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, गावाकडच्या घराचे पत्रे, धाकट्या बहिणीचं लग्न, यातलं काहीही बँक विचारत नाही. तिनं विचारावं अशी अपेक्षाही नाही, तो तिचा धंदा आहे. पण "६० लाख मंजूर झाले" हे लोक दहावीचा निकाल सांगावा तसं सांगतात आणि मग ६० लाखांचंच घर शोधायला लागतात.

दोघांच्या पगारावर काढलेलं कर्ज हा याचाच पुढचा अंक. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं पुण्याजवळ रावेतला थ्री बीएचके घेतला, दोघांचा मिळून पगार दीड लाख, हप्ता ७२ हजार. दोन वर्षांनी मूल झालं, पाळणाघराचं जमेना, तिनं नोकरी सोडली. एका पगारातून ७२ हजार गेल्यावर उरतं काय? घर सुंदर आहे. एका बेडरूममध्ये अजून पंखा नाही.

माझं मत जरा जुन्या वळणाचं वाटेल, पण दोघं कमावत असाल तर हप्ता एकाच्या पगारात बसतो का ते आधी बघा. आयटीत नोकरकपातीच्या बातम्या सध्या ज्या वेगानं येतात, ते पाहता हे मत बदलावं असं काही दिसत नाही.

घराची किंमत म्हणजे बिल्डरनं सांगितलेला आकडा, असं धरणं

पुण्यात बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा फ्लॅट घ्या. ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, त्यात १ टक्का मेट्रो अधिभार आला, ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. झाले ८ लाख ७० हजार. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यात जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं, हेही विसरू नका. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत आहे.

आता खरी गोम. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि हे मुद्रांक-नोंदणीचे पैसे त्या किमतीत धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. म्हणजे १४ लाख तुमचे, वर, बँकेनं जीएसटीही किमतीत धरला नाही तर, ८ लाख ७० हजारही तुमचेच. पावणेतेवीस लाख रोख हाताशी हवेत. लोक १४ च्या तयारीनं येतात आणि उरलेल्यासाठी पर्सनल लोन काढतात, नाहीतर आईच्या पाटल्या गहाण पडतात. घरावर साडेआठ टक्के आणि त्या घराच्या उंबऱ्यावर चौदा टक्के, असा तो प्रकार.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही. "ताबा लगेच" असं नुसतं म्हणणाऱ्या बिल्डरकडे ते प्रमाणपत्र मागा आणि तो काय दाखवतो ते बघा.

५० लाख किंवा त्याहून महाग घर असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावचा कर) तुम्हीच कापून सरकारात भरायचा असतो. तो किमतीतूनच कापायचा, वरचा खर्च नाही. पण भरायला विसरलात तर दिवसाला २०० रुपये लेट फी.

ताबा मिळाल्यावर ग्रिल, पंखे, किचन ट्रॉली, वर्ष-दोन वर्षांचा मेंटेनन्स एकदम. पुण्याच्या कडेला राहणार असाल तर उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर. घर बघायला जाल तेव्हा सेल्स ऑफिसातलं कारंजं पाहत बसू नका. शेजारच्या, आधीच भरलेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, मे महिन्यात रोज किती टँकर येतात. तो खरं सांगतो, कारण त्याला काही विकायचं नसतं.

पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आमच्या इमारतीत निम्म्या लोकांनी तो भरला नव्हता.

"व्याजदर वाढला तरी हप्ता तोच" यावर समाधान मानणं

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर.

मे २०२२ पर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते आणि ज्यावर गृहकर्जाचा दर हलतो तो, ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ झाला. दहा महिन्यांच्या आत अडीच टक्के वाढ. माझ्या फोनवर दर वेळी बँकेचा मेसेज यायचा की दर बदलला, हप्ता पूर्वीचाच राहील. वाटायचं, बरंय, बँक चांगली आहे.

गणित मांडून बघा. ५० लाख, ७ टक्के, २० वर्षे. हप्ता ३८,७६५. वर्षभर भरलं की मुद्दल उरतं साधारण ४८ लाख ८१ हजार. आता दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर त्या महिन्याचं नुसतं व्याज होतं ३८,६४२. मुद्दलात गेले १२३ रुपये. महिनाभर घाम गाळून कर्ज फिटलं ते दोन वडापाव आणि दोन चहांइतकं!

माझा आकडा इतका वाईट नव्हता, कारण वाढ टप्प्याटप्प्यानं झाली. पण २०२३ च्या उन्हाळ्यात खातेउतारा काढला तेव्हा मुद्दलाच्या रकान्यात तीन आकडी रक्कम दिसली आणि शिल्लक हप्ते माझ्या निवृत्तीच्या पार पुढे गेलेले. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलताना ग्राहकाला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं, की स्थिर व्याजदरावर जायचं. उशिरा आलं, पण आलं. मी शाखेत जाऊन हप्ता वाढवून घेतला. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, "सर, नक्की वाढवायचाय?"

उलट बाजूही सांगतो. २०२५ मध्ये रेपो दर उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला. दर वेळी टीव्हीवर "गृहकर्ज स्वस्त, घर घेण्याची हीच वेळ!" मला या बातम्यांचा मनापासून कंटाळा आहे. व्याजदर फेब्रुवारीत पाव टक्का उतरला म्हणून वीस वर्षांचा निर्णय मार्चमध्ये घ्यायचा? २०२१ मध्ये ७ टक्क्यांची टूम होती, तिचं काय झालं ते वर सांगितलंच. आणि बातमी ज्याच्यासाठी खरी असते त्या जुन्या कर्जदाराला कुणी काही सांगत नाही: दर कमी झाला की हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी करून घ्या. तसंच, तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल तर ते रेपोशी जोडलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. मंजुरीपत्र काढा आणि एमसीएलआर (बँकेचा स्वतःचा आधारदर) की रेपो ते बघा. बदलून घ्यायला थोडी फी लागते, तेवढी द्या.

सही करता करता विमा घेणं

शेवटच्या दिवशी, पस्तीस-चाळीस सह्या झाल्यावर, साहेब एक कागद सरकवतात. "कर्जाचा विमा, सगळे घेतात. पैसे आत्ता नको, कर्जातच टाकू." १ लाख २० हजारांचा प्रीमियम साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं कर्जात राहिला तर एकूण अडीच लाखांच्या घरात जातो. कर्जाला जीवनसुरक्षा हवीच, पण त्यासाठी साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) बाहेरून घ्या. बँकेचाच विमा घ्यायची सक्ती नाही. "मग फाइल अडकेल" असं म्हणाले तर ते लेखी मागा. लेखी कुणी देत नाही.

करवजावटीसाठी कर्ज

नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या पद्धतीत दोन लाखांपर्यंत मिळते. सीएला न विचारता सांगणारे सहकारी अजून २०१५ मध्ये राहतात. एवढंच.

करार न करता पैसे देणं

रेरा या बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. तरी गुढीपाडव्याच्या ऑफरमध्ये लोक २० टक्के देऊन मोकळे होतात. महारेराच्या (त्या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका, ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते पाहा. दर नेहमी कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर) बोला, सेलेबल (जिना-लॉबी धरून फुगवलेली जागा) हा शब्द ऐकला की पेन खाली ठेवा. ताब्यानंतर पाच वर्षांत भिंतीला तडा गेला, गळती निघाली आणि दोष बांधकामाचा असला तर तो बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगू नका, ईमेल करा, फोटो जोडा.

बांधकाम चालू असताना प्री-ईएमआय निवडलात तर फक्त व्याज जातं, मुद्दल जागचं हलत नाही. ताबा तीन वर्षं लांबला तर तीन वर्षं भाडंही आणि हे व्याजही.

आधीच अडकला असाल तर

हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. चुकल्यानंतर नाही. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं बुडीत धरलं जातं, मग बँकांच्या वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग ताबा आणि लिलाव. आधी गेलात तर मुदत वाढवणं, काही महिने सवलत मागणं, असं काहीतरी बोलता येतं. अगदीच जमत नसेल तर घर स्वतः विका. लिलावात गिऱ्हाईक घासाघीस करायलाच आलेलं असतं.

हातात थोडे पैसे आले तर पार्ट पेमेंट करा, म्हणजे मुद्दलात जादा रक्कम भरा. वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जावर दंड लावता येत नाही. ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षे या कर्जात दरवर्षी एक जादा हप्ता भरला तर कर्ज तीन-साडेतीन वर्षं आधी संपतं. दिवाळीचा बोनस येतो तेव्हा हे आठवत नाही, म्हणून मी तारीखच लावून ठेवली आहे.

आणि कर्ज संपलं की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये तुम्हाला मिळतात. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.

मध्यंतरी ऑफिसातला एक मुलगा पुनावळ्याच्या टू बीएचकेचं ब्रोशर घेऊन आला. भाडं भरतो २२ हजार, हप्ता बसणार ४८. मी म्हटलं, सहा महिने वरचे २६ हजार दर महिन्याच्या पाच तारखेला आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) टाक आणि मग बोलू. चौथ्या महिन्यात त्यानं आरडी मोडली, गावी बोअर मारायची होती. पाणी लागलं म्हणाला. आता धायरीला जुना वन बीएचके बघतोय, आणि आरडी पुन्हा चालू केलीय, २६ ऐवजी १४ हजारांची.