क्लंबर स्पॅनियल पाळताय? या चुका टाळा

स्पॅनियल कुत्रा म्हटलं की कॉकर डोळ्यांसमोर येतो. क्लंबर हा त्याच घराण्यातला पैलवान, नर सहज ३०-३५ किलोंचा. आम्ही इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशरमध्ये राहतो. ज्या क्लंबर पार्कवरून या जातीला नाव मिळालं, तिथेच आमचा बाळू फिरायला जातो. तिथे भेटणारे नवे मालक वर्षानुवर्षं एकच चूक करताना दिसतात: कुत्र्याने काही तोंडात धरलं की ओरडत त्याच्यामागे धावायचं.

पाडलेला पक्षी शोधून उचलून आणायचा, हे या जातीचं पिढीजात काम. तोंडात काहीतरी धरणं त्याच्या रक्तातच आहे. बाळू आठ महिन्यांचा असताना मुलाचा शाळेचा मोजा घेऊन टेबलाखाली शिरला. आम्ही तिघांनी त्याला घेरलं. हिसकावणार हे कळताच त्याने मोजा गिळला. "शीतून पडेल" म्हणत आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी जेवण बंद, मग उलट्या. मोजा आतड्यात अडकला होता, पोट फाडून काढावा लागला. टाके घातलेलं ते पोट आठवलं की आजही घशात आवंढा येतो.

तेव्हापासून फ्रिजमध्ये चीजच्या तुकड्यांची डबी कायम भरलेली असते. बाळू काही घेऊन आला की आधी "शाब्बास", मग नाकाशी तुकडा. वस्तू आपोआप सुटते. धोक्याची नसेल तर मी ती त्याला परत देते, म्हणून तो आता लपवत नाही. याला दोन-तीन महिने लागतात. दोन दिवसांत सवय मोडणारा उपाय विचारू नका. आणि काही गिळलंच, तर वाट न बघता त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा.

दुसरी चूक, लाड. त्याचे डोळे कायमच उपाशी दिसतात. आजी अर्धी पोळी देतात, मुलं बिस्किटं, आणि भार पडतो खुब्याच्या सांध्यांवर. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. वाढत्या पिल्लाला जिन्यावरून पळू देऊ नका, गाडीतून उडी मारू देऊ नका.

कानात कापसाची काडी घालू नका. खालची पापणी लोंबते, म्हणून डोळा लाल दिसला तर घरातले थेंब टाकू नका. लाळ गळतेच, टॉवेल हाताशी ठेवा.

पुण्यातले नातेवाईक पिल्लू मागतात. एवढ्या दाट केसांच्या कुत्र्याला एप्रिल-मेच्या उन्हात ठेवू नका.

पिल्लू घेताना आई-बापाचा हिप स्कोअर, म्हणजे खुब्याच्या सांध्यांच्या एक्स-रे तपासणीचे गुण, मागा. तो ० ते १०६ असतो, जितका कमी तितका चांगला. पीडीपी-१ ही जनुकीय चाचणीही विचारा, थोड्या व्यायामानेही कुत्रा गळून जातो अशा आनुवंशिक आजाराची ती चाचणी. ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात धोक्यातल्या देशी जातींमध्ये धरली आहे, वर्षाला ३०० पिल्लंही नोंदली जात नाहीत. "पुढच्याच आठवड्यात न्या" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आम्ही चौदा महिने थांबलो होतो.